केबल गावाची, सेवा परवानाधारकाची : बेळगाव सीमाभागात गावाचं स्वतःचं फायबर नेटवर्क कसं उभारायचं

मोठ्या कंपनीचा माणूस येतो, गल्लीत एक फेरी मारतो, "घरं फार लांब लांब आहेत" म्हणतो आणि पुन्हा फोन उचलत नाही. खानापूर तालुक्याचा जांबोटी-कणकुंबी पट्टा असो, चंदगडला लागून असलेली बेळगाव तालुक्यातली गावं असोत, नाहीतर निपाणीच्या आसपासच्या मळ्यातल्या वस्त्या, अनुभव थोड्याफार फरकानं हाच. आमच्या मंडळींनी शेवटी स्वतःच केबल ओढली. यंत्रं आणि तारा यांनी फारसा त्रास दिला नाही. दमवलं ते कागदांनी, आणि कुठलं काम आधी करायचं या गोंधळानं. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून क्रमानं सांगतो.

शीर्षकातली गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खांबावरची आणि जमिनीतली फायबर, डक्ट (केबल आत घालायची नळी), पेट्या, बॅटऱ्यांची खोली ही गावाच्या मालकीची ठेवायची. त्या तारेतून इंटरनेट विकणं, ग्राहकाची ओळखपत्रं तपासणं आणि सरकारला हिशेब देणं हे परवाना असलेल्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचं काम. उद्या त्याची सेवा बिघडली तर दुसरा आयएसपी आणता येतो, केबल जिथल्या तिथं राहते. कंपनीनं फुकट केबल टाकून दिली की गावाला हे कधीच जमत नाही.

1. घरं मोजा, पण उत्साह मोजू नका

ग्रामसभेत हात सगळेच वर करतात. हात मोजून केबल मागवू नका. गल्लीगल्लीत फिरून वहीत लिहा : घर, सध्या नेटवर महिन्याला किती खर्च होतो, घरात कोण वापरतं, जोडणीची रक्कम कधी देणार. जे आगाऊ रक्कम पावतीवर देतात तेच खरे ग्राहक. शाळा, दवाखाना, दूध डेअरी, सोसायटीची कचेरी, ग्रामपंचायत यांची वेगळी यादी करा, कारण ही ठिकाणं दिवसा नेट वापरतात आणि घरं संध्याकाळी. एकाच लाईनवर दोघांचं भागतं.

त्याच फेरीत एका नकाशावर खांब मांडून घ्या. फोनवरचा नकाशा पुरतो. दोन खांबांतलं अंतर, रस्ता ओलांडण्याच्या जागा, झाडं, आणि कुठल्या खांबावर आधीच कुणाच्या केबली लोंबताहेत हे टिपा. केबल मागवताना मोजलेल्या लांबीत निदान दहा टक्के वाढवा. वळणं, खांबावर गुंडाळून ठेवायचे लूप आणि पुढची दुरुस्ती यात ती जाते.

गावात जुना केबल टीव्हीवाला असेल तर त्याला पहिल्या बैठकीलाच बोलवा. त्याला खांब माहीत आहेत, घरं माहीत आहेत, कोण पैसे थकवतो तेही माहीत आहे. त्याच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा देखभालीचं काम त्यालाच दिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

2. पैसे कुठल्या नावावर घ्यायचे

आपल्या भागात सौहार्द सहकारी, पतसंस्था, भिशी, महिला मंडळ यांची सवय जुनी आहे, त्यामुळे पहिला विचार सोसायटी काढण्याचाच येतो. अडचण अशी की दूरसंचार विभागाची नोंदणी आणि परवाने आजवर प्रामुख्यानं कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळत आले आहेत. म्हणून केबलची मालकी कंपनीकडं ठेवणं सोयीचं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत 200 पेक्षा जास्त सभासद घेता येत नाहीत. चारशे उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराला शेअर द्यायचा बेत असेल तर तो इथंच अडकतो. त्यावर दोन उपाय आहेत. पब्लिक लिमिटेड कंपनी काढा, तिला निदान सात सभासद लागतात आणि वरची मर्यादा नाही, पण कागदपत्रं वाढतात. नाहीतर थोड्यांच्या नावावर कंपनी ठेवून गावाशी लेखी करार करा. दुसरी वाट स्वस्त असली तरी भांडणं तिच्यातच जास्त होतात. करार वकिलाकडून करून घ्या, आणि त्यात "केबल विकायची झाल्यास ग्रामसभेची संमती" हे कलम असू द्या.

दुसरा सापळा पावतीचा. लोकांकडून घेतलेल्या रकमेला "ठेव" म्हणू नका आणि व्याजाचं आश्वासन तर मुळीच देऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा 2019 पासून लागू आहे, आणि भिशीच्या सवयीनं लिहिलेली एक पावती सगळ्यांना अडचणीत आणू शकते. रक्कम शेअर म्हणून घ्या, नाहीतर जोडणीचं आगाऊ शुल्क म्हणून. पावतीवर तसंच लिहा.

3. परवाना : कुठला लागतो, कुठला नाही

गोंधळ इथंच सगळ्यात जास्त होतो, म्हणून सावकाश वाचा.

घरगुती ब्रॉडबँड घेऊन शेजारच्या दहा घरांना पैसे घेऊन वाटणं बेकायदा आहे. "सगळेच करतात" हे ऐकून सुरुवात करू नका. त्या लाईनवरून कुणी फसवणूक केली तर पोलीस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारात येतात.

कायदेशीर वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली, पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलेली ही सार्वजनिक वायफायची योजना. यात चहाच्या टपरीवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत कुणीही "पब्लिक डेटा ऑफिस" चालवू शकतो, त्याला परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही. त्याला एखाद्या नोंदणीकृत अॅग्रिगेटरशी जोडून घ्यावं लागतं, ग्राहकांची ओळख आणि हिशेब तो सांभाळतो. जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं ठरवून दिलं की 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दरानं देता येणार नाहीत. त्याआधी महागडी लीज लाईन (स्वतंत्र राखीव जोडणी) माथी मारली जायची. एसटी स्टँड, बाजारपेठ, देवळासमोरचा कट्टा यांसाठी ही योजना छान आहे, घराघरात जोडणी द्यायला नाही. आणि अर्जात "पीडीओ" लिहिताना पूर्ण नाव लिहा. आपल्या पंचायतीत पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

दुसरी वाट म्हणजे आयपी-1 नोंदणी. डार्क फायबर (यंत्र न जोडलेली नुसती फायबर), डक्ट, टॉवर यांसारख्या निष्क्रिय गोष्टी उभारून परवानाधारकाला भाड्यानं द्यायच्या, एवढाच हिचा आवाका. इंटरनेट विकता येत नाही. अर्जाचं शुल्क 5,000 रुपये असायचं. "केबल गावाची" ही रचना याच नोंदणीवर बसते. ओएलटी, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांना फायबरवरून सिग्नल पाठवणारं मुख्य यंत्र, हे सक्रिय यंत्र आहे, म्हणून ते परवानाधारकाच्या नावावर असू द्या. बिल गावाच्या कंपनीच्या नावावर फाडून घेण्याचा मोह आवरा.

तिसरी वाट स्वतः आयएसपी होण्याची. युनिफाइड लायसन्सच्या चौकटीत क वर्गाचं प्रवेश शुल्क 20,000 रुपये होतं, ब वर्गाचं 2 लाख आणि अ वर्गाचं 30 लाख. क वर्गाचा आकडा पाहून मन चाळवतं, पण बँक हमी, दर तिमाहीचे हिशेब आणि प्रत्येक ग्राहकाच्या वापराच्या नोंदी दोन वर्षं जपून ठेवण्याची जबाबदारी त्याच्या मागून येते. पाचशे घरांच्या आतल्या गावानं याच्या वाटेला जाऊ नये.

दूरसंचार कायदा 2023 आल्यापासून परवान्यांची रचना नव्यानं होते आहे. म्हणून वरच्या रकमा अंदाजापुरत्या धरा, आणि अर्ज करण्याच्या दिवशी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर जे लिहिलं असेल ते खरं माना.

आता खास सीमाभागाचा सापळा. परवान्याला हद्द असते. क वर्ग साधारण जिल्ह्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रापुरता, ब वर्ग सर्कलपुरता, म्हणजे साधारण राज्याएवढ्या क्षेत्रापुरता. कर्नाटक सर्कल वेगळं, आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतं. बाचीच्या पलीकडं शिनोळीत एखाद्याचं झकास नेटवर्क आहे, तार दिसते आहे, त्याचा दरही परवडतो, पण त्याच्याकडं फक्त कोल्हापूरकडचा परवाना असेल तर तो तुम्हाला जोडणी देऊ शकत नाही. कागलहून निपाणीकडं यायचं तरी तेच. बोलणी सुरू करण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि त्यातलं सेवा क्षेत्र स्वतः वाचा. देशभराचा अ वर्ग असलेल्याला ही अडचण नाही.

4. बेळगावहून गावापर्यंतची मुख्य लाईन

गावातलं नेटवर्क कितीही देखणं असलं तरी वरून येणारी लाईन बारीक असेल तर संध्याकाळी आठ वाजता सगळे बोंब मारतात. माझं मोजमाप साधं आहे : प्रत्येक जोडणीमागं गर्दीच्या वेळी अडीच एमबीपीएस धरा. 300 जोडण्या म्हणजे 750 एमबीपीएस, म्हणजे आयएसपीकडून एक जीबीपीएसची लाईन मागायची. ग्राहकाला विकलेल्या वेगांची बेरीज करून घाबरू नका, सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगानं वापरत नाहीत.

आयएसपीला हे जरूर विचारा : व्हिडिओ आणि समाजमाध्यमांच्या कंपन्यांचे कॅश सर्व्हर (नेहमी बघितलं जाणारं जवळच साठवून ठेवणारी यंत्रं) तुमच्याकडं आहेत का, आणि बेळगावपासूनच्या लाईनला दुसरा मार्ग आहे का. दुसऱ्या प्रश्नाला "आहे" असं उत्तर मिळालं तर नकाशावर दाखवायला सांगा. दोन्ही केबली एकाच रस्त्याच्या एकाच कडेनं गेल्या असतील तर जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो.

ग्रामपंचायतीत भारतनेटची (पंचायतींना फायबरनं जोडणाऱ्या सरकारी योजनेची) केबल आली आहे का तेही बघून घ्या. बऱ्याच कचेऱ्यांत पेटी भिंतीला असते, दिवा मात्र बंद. चालू असेल तर आयएसपीला तिच्यावरून येणं स्वस्त पडू शकतं. चौकशी बीएसएनएलच्या जिल्हा कचेरीत.

केबल पोचूच शकत नाही अशा वाडीसाठी बिनतारी दुवा वापरा. 5 गिगाहर्ट्झचे पट्टे 2018 च्या अधिसूचनेपासून घराबाहेरही विनापरवाना वापरता येतात, फक्त शक्तीची मर्यादा पाळायची आणि सरकारी मान्यता असलेलंच यंत्र घ्यायचं. आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पानं पालघर जिल्ह्यात अशाच बिनतारी दुव्यांनी गावं जोडली. दोन्ही टोकं एकमेकांना उघडी दिसली पाहिजेत. उन्हाळ्यात बघून ठरवू नका. पावसाळ्यानंतर झाडं भरली की मधे पानांची भिंत उभी राहते.

5. कागदपत्रं आणि परवानग्या

अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत ठेवा. यात अभिमानाचा मुद्दा करून काम रखडवू नका. भाषेचा लढा वेगळ्या व्यासपीठावर लढू, इथं शिक्का हवा आहे.

लागणारी कागदं :

- कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी क्रमांक (इंटरनेट सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे, दर सांगताना तो धरूनच सांगा)
- आयपी-1 नोंदणीची प्रत आणि आयएसपीच्या परवान्याची प्रत
- आयएसपीशी केलेला करार
- ग्रामपंचायतीचा किंवा पट्टण पंचायतीचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह
- मार्गाचा नकाशा, खांबांच्या यादीसह
- शेतातून जाणार असाल तर त्या जमिनीची पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा) आणि मालकाचं संमतीपत्र
- ज्या खोलीत यंत्रं बसतील तिचा भाडेकरार

वीज खांब हेस्कॉम या वीज कंपनीचे. परवानगी आणि खांबभाडं दोन्ही लेखी घ्या. लाईनमननं "बांधा की" म्हटलं म्हणजे परवानगी होत नाही. बदली झाली की नवा माणूस कात्री घेऊन येतो. केबल कायम विजेच्या तारांच्या खाली, अंतर सोडून. उच्च दाबाच्या लाईनच्या खांबांना हातही लावू नका.

सार्वजनिक रस्त्यालगत खोदाईची परवानगी परवानाधारकाच्या नावानं मागितलेली बरी. मार्गहक्काचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले आहेत आणि ते अधिकृत दूरसंचार संस्थांसाठीच आहेत. रस्ता कुणाचा ते आधी शोधा : पंचायतीचा, जिल्हा पंचायतीचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्गाचा. बेळगाव-लोंढा रेल्वेमार्ग ओलांडायचा असेल तर ती फाईल सगळ्यात आधी सुरू करा, सगळ्यात शेवटी तीच निघते. पश्चिमेकडं भीमगड अभयारण्य आणि राखीव जंगल आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय एक टिकावही मारायचा नाही.

म्हणूनच शक्य तिथं शेताच्या बांधावरून जा. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये बी फोर आर एन नावाच्या गावकऱ्यांच्या संस्थेनं 2011 पासून हेच केलं. शेतकऱ्यांनी आपापल्या रानातून चर खणू दिले, काहींनी स्वतः खणले, आणि खेड्यांत एक जीबीपीएस पोचलं. आपल्याकडं बांध हा भावकीच्या भांडणाचा विषय आहे, त्यामुळे संमतीपत्रावर पहाणीत नाव असलेल्या सगळ्या भावांच्या सह्या घ्या. एकाची राहिली तर तोच केबल उपटायला येतो.

6. आखणी : प्रकाशाचा हिशेब

घरोघरी फायबर देण्याची सर्रास पद्धत जीपॉन. ओएलटीच्या एका पोर्टमधून निघालेली एक कोअर (काचेचा एक धागा) स्प्लिटरनं, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या तुकड्यानं, वाटत वाटत 64 घरांपर्यंत नेतात. एका पोर्टवर खाली येण्याचा वेग सुमारे अडीच जीबीपीएस, वर जाण्याचा सव्वा जीबीपीएस, आणि तो सगळ्यांत वाटून.

केबल ओढण्याआधी कागदावर हिशेब करा. उदाहरण बघा. ओएलटीतून +3 डीबीएम प्रकाश निघतो (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डीबी हे घटीचं). 8 किलोमीटर केबल, किलोमीटरला 0.35 डीबी धरून 2.8 डीबी गेले. 1:8 चा एक स्प्लिटर साधारण 10.5 डीबी खातो, दोन टप्प्यांत दोन लावले की 21. जोड आणि कनेक्टर मिळून 2 डीबी. एकूण 25.8 वजा झाले, घरात पोचले −22.8 डीबीएम. घरातलं यंत्र −27 च्या आसपास मान टाकतं. म्हणजे चार डीबी हातात राहतात. ते पुढच्या जोडांसाठी राखा, कारण पावसाळ्यात तार तुटणार आणि प्रत्येक दुरुस्तीत थोडं थोडं जाणार. −25 च्या खाली जोडणी देऊच नका. आज चालेल, जुलैत बंद पडेल.

हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरवा-निळा जोडला तरी दिवा लागतो, नेटही चालतं, आणि मग महिनाभर "अधूनमधून स्लो" अशी तक्रार येत राहते. नव्या मुलांना हे पहिल्या दिवशी दाखवा.

मुख्य केबलमध्ये गरजेच्या दुप्पट कोअर घ्या. सहाची गरज असेल तर बारा कोअरची केबल घ्या. केबलच्या किमतीत फरक थोडा पडतो, पुन्हा ओढण्याची मजुरी मात्र पूर्ण लागते.

हत्यारं : फ्युजन स्प्लायसर (काच वितळवून जोडणारं यंत्र), क्लीव्हर (काच सरळ कापणारं), पॉवर मीटर, लाल लाईटचा पेन, शिडी, सेफ्टी बेल्ट, रबरी हातमोजे. केबल कुठं तुटली ते दाखवणारा ओटीडीआर महाग आहे, तो आयएसपीकडून लागेल तेव्हा मागवा. स्प्लायसर मात्र गावात हवाच. दोन-तीन गावांनी मिळून घेतला तरी चालेल.

7. खांबावर आणि जमिनीत

आपल्याकडच्या केबलचे शत्रू पुस्तकात सापडत नाहीत. पहिला, ऊस. गळीत हंगामात ट्रॉलीवर उसाचा डोंगर रचलेला असतो, आणि रस्त्यावर झोळ पडलेली केबल तो सोबत घेऊन जातो. रस्ता ओलांडताना केबल निदान सहा मीटर उंच ठेवा, आणि हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्रॉसिंग पुन्हा ताणून घ्या. दुसरा, पाचट जाळणं. फडाच्या कडेच्या खांबावरची केबल त्या आचेनं वितळते. फडाजवळून जाणारा तुकडा जमिनीत घाला. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्गही आधी मंडळांना विचारा. उंच मूर्ती आली की कुणीतरी बांबूनं केबल वर ढकलतो आणि काच आतल्या आत मोडते, बाहेरून काही दिसत नाही.

जमिनीत घालायची असेल तर चर नांगराच्या फाळाच्या बराच खाली हवा. खानापूरकडं जांभा लागतो, तिथं खोल जाता येत नाही. मग पीएलबी डक्टवर (जाड प्लॅस्टिकच्या नळीवर) काँक्रीटचा थर द्या. उत्तरेकडच्या काळ्या मातीत खणणं सोपं, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती केबल ओढते. तिथं डक्टशिवाय घालू नका, आणि दर वळणावर थोडी सैल ठेवा. पाण्याच्या पाईपलाईनचं काम गावात निघणार असेल तर त्याच चरात डक्ट टाकायची परवानगी आधीच मागा. नंतर मागाल तेव्हा चर बुजलेला असतो.

8. वीज आणि वीज पडणे

ओएलटी, स्विच मिळून 100 वॅट धरले तर 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची एक चांगली बॅटरी बारा तासांच्या आसपास खेचते. कणकुंबीकडं आषाढात दिवसदिवस वीज नसते, तिथं दोन लावा. घरातल्या यंत्राला छोटा डीसी यूपीएस लावायला सांगा. गावातली लाईन चालू आणि घरातलं यंत्र बंद असेल तरी शिव्या तुम्हालाच.

वळवाच्या पावसात वीज पडून यंत्रं जळतात. फायबरमध्ये काचच असते, ती वीज वाहत नाही, पण आत लोखंडी तार असलेली केबल वाहते. खांबावरून न्यायला एडीएसएस ही बिनधातूची केबल घ्या. यंत्रांच्या खोलीला स्वतंत्र अर्थिंग करा. देवळाच्या किंवा हेस्कॉमच्या अर्थिंगला जोडून देऊ नका.

9. दर, वसुली आणि रात्रीचा फोन

दर ठरवताना चार खर्च मिळवा : मुख्य लाईन, वीज आणि खांबभाडं, दुरुस्तीचा पगार, आणि चार-पाच वर्षांनी यंत्रं बदलण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम. शेवटचा खर्च सगळे विसरतात, कारण पहिल्या वर्षी तो दिसत नाही. सरपंच, पंचायतीचा पीडीओ, पुढारी, देऊळ यांपैकी कुणालाही फुकट जोडणी नको. एकाला दिली की यादी वाढत जाते. शाळेला सवलत द्यायचीच असेल तर ठरावात लिहून द्या.

शेतकऱ्याकडं पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, कारखान्याचं बिल जमा झालं की येतो. सहामाही आणि वार्षिक दर ठेवा, त्यात थोडी सूट द्या. थकबाकीला सात दिवसांची मुदत आणि मग आपोआप बंद, हे आयएसपीच्या सॉफ्टवेअरवर सोडा. गावातल्या माणसानं गावातल्याची लाईन हातानं तोडली की पुढची दहा वर्षं बोलणं बंद.

तक्रारीसाठी एकच फोन नंबर, आणि तो कुणाच्या खासगी नावाचा नको. तक्रार वहीत घर, वेळ, त्या क्षणीची पॉवर मीटरची नोंद आणि कारण लिहा. एकाच स्प्लिटरवरच्या तीन घरांच्या तक्रारी आल्या तर घराघरात जाऊ नका, सरळ त्या पेटीच्या खांबाकडं जा. बहुतेक वेळा पेटीत मुंग्यांनी घर केलेलं असतं किंवा खारीनं केबल कुरतडलेली असते. शिडीवर चढताना दुसरा माणूस खाली हवाच, आणि पावसात, रात्री, विजेच्या खांबावर कुणालाही चढवू नका. लाईन सकाळी चालू झाली तरी चालतं.